हरवलेली राखीव डिस्क

सुनंदा गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती माझ्याच घरात, समोरच्या खोलीत गेली, त्यामुळे बातमी देण्याचं काम माझ्याकडे आलं. सकाळभर फोन करत होतो. पलीकडून जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, "सुटली बिचारी." सुरुवातीला मी नुसतं 'हो' म्हणत राहिलो. आमच्या मावसभावाला मात्र फोनवरच झापलं. "कशातून सुटली? तिला कुठं सुटायचं होतं?" तो गडबडला... त्याचं काही चुकलं नव्हतं. पण माझी धाकटी बहीण 'बिचारी' कधीच नव्हती, आणि हातातलं काम अर्धवट टाकून मोकळं होणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिला जाऊन आता दीडेक महिना होईल, तरी तो शब्द कानावर आला की माझं डोकं फिरतं.

सुनंदा सर्व्हर सांभाळायची. सर्व्हर म्हणजे काय, हे मला तिनं कैक वेळा समजावलं होतं आणि मी कैक वेळा विसरलो होतो. मी सुरगाण्याकडे शाळेत मराठी शिकवण्यात जन्म काढलेला माणूस. एवढं कळलं होतं की दवाखान्याचे केसपेपर, पतसंस्थेचे हिशेब, शाळांचे निकाल असं सगळं ज्या एका संगणकात साठवलेलं असतं, तो बंद पडू नये म्हणून पहारा देणारी माणसं लागतात, आणि आमची सुनंदा त्यातली एक होती. लग्न केलं नाही. नोकरी फार दिवस केली नाही. नाशिकमधल्या लहान लहान संस्थांची कामं घेतली आणि त्यातच रमली. लहानपणापासून तिला एक खोड होती. वडिलांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून शाळेत जाताना चेन जराशी कुरकुरली की ती त्यांना उतरायला लावायची. वडील वैतागायचे, "अगं, चालतेय ना सायकल?" ही म्हणायची, "चालतेय, पण वाजतेय." मोठेपणीही ती तशीच राहिली. लोकांना चालणारी वस्तू पुरत असे, हिला न वाजणारी लागे.

मागच्या वर्षी तिनं एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात नवा लिनक्स सर्व्हर बसवला. हरसूल, पेठ, सुरगाण्याकडची म्हातारी माणसं मोतीबिंदूसाठी तिथं येतात. जुना संगणक म्हातारा झाला होता आणि सगळ्या रुग्णांची माहिती या नव्यात हलवायची होती. नेमक्या त्याच आठवड्यात तिच्या दुखण्याचं निदान झालं. कर्करोग, आणि तोही उशिरा सापडलेला. मी तिला तिच्या एकटीच्या फ्लॅटवरून इंदिरानगरला माझ्या घरी आणलं. कपड्यांची एक बॅग आणि लॅपटॉप, एवढंच ती घेऊन आली. उपचार सुरू झाले आणि त्याबरोबरच सुरू झाले ते मेल.

रोज सकाळी त्या सर्व्हरकडून आपोआप एक इशारा यायचा. मजकूर इंग्रजीत, चार ओळींचा, आणि रोज तोच. राखीव डिस्क सापडत नाही. माहिती तीन डिस्कवर अशी वाटून ठेवलेली होती की एखादी बिघडली तरी उरलेल्या दोघींवरून सगळं पुन्हा उभं करता यावं. चौथी, राखीव अशी डिस्क तिनं बसवलीच नव्हती. "मग नसलेली वस्तू हरवेल कशी?" मी विचारलं. "तेच तर," ती म्हणाली, आणि तिच्या कपाळावर जी आठी पडली ती पुढे कित्येक आठवडे गेली नाही. उपचारांनंतर तिला पडद्याकडे बघवत नसे, मळमळायचं. मग मी तिच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून लॅपटॉप मांडीवर घ्यायचो आणि ती डोळे मिटून सांगेल ते टाइप करायचो.

त्या दिवसांत आम्ही जेवढे भांडलो तेवढे लहानपणीसुद्धा भांडलो नसू. "आडवी रेघ दे, दादा." मी द्यायचो. "दोन दे." "आधी एक म्हणालीस." "दोन म्हणाले." "सुनंदा, मी अजून बहिरा झालेलो नाही." मधली मोकळी जागा सोडायची राहिली की यंत्र आज्ञा पाळायचं नाही, आणि जागा नको तिथं पडली तरी पाळायचं नाही. आयुष्यभर मुलांच्या वह्यांत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या, त्याचा सूड तो काळा पडदा उगवत होता. चिडून मी एकदा लॅपटॉप मिटून गॅलरीत जाऊन बसलो. आतून तिचा बारीक आवाज आला, "दादा, चहा पी आणि ये. आपण मध्येच थांबलोय." तिला उठून बसता येत नव्हतं आणि ती माझी समजूत घालत होती!

तिन्ही डिस्क तपासल्या, ठणठणीत निघाल्या. कुठली तरी वायर सैल असेल म्हणून तिनं मला दवाखान्यात पाठवलं. भर उन्हात रिक्षा द्वारकेच्या चौकात तुंबली, रिक्षावाला आणि मी मिळून वाहतुकीला शिव्या घातल्या, आणि शेवटी दवाखान्यात पोचून मी पाहिलं काय, तर तीन हिरवे दिवे. फोनवर तिला सांगितलं तर म्हणते, "नीट बघ, एखादा पिवळट असेल." सामान पुरवणाऱ्या दुकानदाराचा सल्ला होता की चौथी डिस्क विकत घेऊन टाका, म्हणजे तक्रार मिटेल. दवाखान्याचे व्यवस्थापक देवरे स्वभावानं सज्जन, पण कंटाळले होते. "मॅडम, सगळं मस्त चाललंय. तो मेल बंदच करून टाका ना. आम्ही तर आता उघडून पण बघत नाही." फोन स्पीकरवर होता. सुनंदा उशीला टेकून उठायला लागली, मी तिला धरलं. "देवरेसाहेब, तीच तर भीती आहे," ती धापा टाकत म्हणाली. "उद्या खरंच डिस्क गेली तर त्याचाही मेल असाच येईल, आणि तुम्ही तोही उघडणार नाही. त्या म्हाताऱ्यांचे कागद कुठून आणायचे मग?" मी मात्र मनात त्यांच्याच बाजूचा होतो. तिच्या अंगात ताकद नाही, डॉक्टर विश्रांती घ्या म्हणतात आणि ही एका मेलपायी जीव जाळतेय. तसं मी तिला बोलूनही दाखवलं. त्यावर ती इतकंच म्हणाली, "दादा, दुखण्यात माझ्या हातात काही नाही. यात आहे."

मग एका दुपारी तिनं सर्व्हरची मांडणी लिहिलेली फाइल मला वाचून दाखवायला सांगितली. ती तिनं स्वतःच लिहिली होती आणि आधी अनेकदा नजरेखालून घातली होती. "मोठ्यानं वाच. धडा वाचतोस तसा, एकही अक्षर न गाळता." मी वाचू लागलो. बाहेर भंगारवाला ओरडत होता, मी त्याच्यावर आवाज चढवून आकडे आणि अक्षरं वाचत होतो. एका ओळीच्या मध्यावर राखीव डिस्क, बरोबर, एक, अशा अर्थाचा तुकडा आला. मी पुढे गेलो. "थांब," ती म्हणाली. "मागे जा. परत वाच." मी परत वाचलं. तिनं डोळे उघडले.

नंतर तिनं मला उलगडून सांगितलं. अशा तीन डिस्क पहिल्यांदा जोडल्या की त्यांची आपापसात जुळवाजुळव व्हायला बरेच तास लागतात. तोवर यंत्र तिसरीला तात्पुरती राखीव समजतं. जुळवाजुळव संपली की ती इतरांसारखी कामाला लागते. सुनंदानं जुळणी चालू असतानाच यंत्राकडून मांडणी लिहून घेतली होती. त्यामुळे फाइलीत एक राखीव डिस्क कायमची नोंदली गेली. तिसरी डिस्क कधीच कामाला लागली होती, आणि यंत्र रोज सकाळी फाइल बघून तिला राखीव जागेवर शोधत होतं. तेवढा एक तुकडा खोडला की झालं.

मला वाटलं ती खूश होईल. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. "मी नेहमी थांबते, दादा," ती तिकडे बघतच म्हणाली. "जुळणी पूर्ण झाल्याशिवाय मी उठतच नाही. त्या दिवशी चार वाजता रिपोर्ट घ्यायला जायचं होतं. म्हणून उरकलं." एवढी वर्षं काम करताना तिनं घाई केली ती एकदाच, आणि कुठल्या दिवशी! मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर तिनं तो झटकला. "आता रडू नकोस. आधी ते खोड." मी डोळे पुसत खोडलं, आणि अर्थातच भलतंच अक्षर खोडलं. त्यावरून पुन्हा भांडण झालं.

दुसऱ्या दिवशी मेल आला नाही. मी पेढे आणायला निघालो तर बाईसाहेब अस्वस्थ! मेल थांबला तो चूक सुधारली म्हणून, की मेल पाठवणारी यंत्रणाच बंद पडली म्हणून? तिनं माझ्याकडून एक चाचणीचा इशारा पाठवून घेतला. तो आला तेव्हा कुठं तिनं पेढ्याचा कण जिभेवर ठेवला. त्यानंतर दर सोमवारी सकाळी असा एक चाचणीचा मेल आपोआप यावा, दवाखान्याला आणि तिलाही, अशी व्यवस्था तिनं माझ्या हातून लावून घेतली. शेवटचे काही सोमवार मी तो मेल तिला वाचून दाखवायचो. ती नुसती मान हलवायची. शेवटच्या सोमवारी तीही हलली नाही...

आता दवाखान्याच्या सर्व्हरचं काम दुसरी मंडळी बघतात. पण चाचणीचा मेल तिच्या लॅपटॉपवर अजून येतो. दर सोमवारी मी तो उघडतो, वाचतो आणि झाकण लावतो. हे कुणाला सांगत नाही, कारण लोक पुन्हा काहीतरी समजुतीचं बोलतील. गेल्या सोमवारी तो आलाच नाही. मी वाट पाहिली, चहा गार झाला, चिडचिड झाली. शेवटी देवरेंना फोन लावला.

"काही नाही सर, पहाटे लाईट गेली होती. आत्ताच मशीन चालू केलंय. एवढं टेन्शन नका घेऊ, सगळं चालतंय."

"चालतंय हे मला नका सांगू," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण चढला होता. "मेल आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं कधीच समजायचं नाही. आधी एक चाचणी पाठवा. ती मला मिळाली की मग फोन ठेवा."

मग देवरे सवयीनं म्हणाले, "हो, मॅडम."

त्यांनी चूक सुधारली नाही, मीही नाही. मेल येईपर्यंत आम्ही तसेच फोन धरून थांबलो.