नऊ मिनिटे

कपाट आवरताना सायक्लोस्टाइलच्या शाईचा ओळखीचा वास आला आणि तळातून पाहणीचा एक पिवळा पडलेला फॉर्म निघाला. ती स्वातंत्र्यानंतरची सुरुवातीची वर्षं होती. मी कॉलेजात होतो आणि आमच्या सरांनी आम्हाला बाळकुम गावाकडच्या मिठागर कामगारांची पाहणी करायला धाडलं होतं. ‘किस्से नकोत, आकडे आणा,’ अशी त्यांची ताकीदच होती. खाडीवरून खारा वारा येत होता, मिठाचे ढीग उन्हात डोळ्यांवर येत होते, आणि एका कुडाच्या घराच्या ओट्यावर भेगाळलेले पाय पसरून एक म्हातारी बसली होती. घरात माणसं किती, काम किती महिने, सगळं तिनं नीट सांगितलं. शिक्षण विचारल्यावर मात्र हसली. “लिवता येत नाय रं बाला, पन सगलं धवलं येतान.” धवले म्हणजे त्यांची लग्नातली गाणी, ती म्हणायला तिलाच बोलवत, तिच्याशिवाय गावात लग्न लागत नसे. तिनं डोळे मिटून सूर लावला, पहिली ओळ म्हटलीसुद्धा. मी घाईनं म्हणालो, “मावशी, गाण्याला यात रकाना नाही, आणि अजून दहा घरं राहिलीत.” ती थांबली. “मंग कवातरी ये, बसून आयक.” मी ‘निरक्षर’ असं लिहून उठलो. सरांनी झटपट कामाबद्दल माझी पाठ थोपटली, आणि परत जाणं राहूनच गेलं. तिचे ते पाय, तो वारा, सगळं आठवतं. गाण्याचा मात्र एकही शब्द आठवत नाही. तिच्या या फॉर्मच्या तळाशी माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलंय : मुलाखतीस लागलेला वेळ, नऊ मिनिटे.