अ‍ॅम्ब्रोज टेव्हनरच्या थडग्याला लावलेले सात दगड

त्या सकाळी सासूबाई सफरचंदाच्या फोडी लोण्यात परतत होत्या आणि माझ्या मक्याच्या पावाला नावं ठेवत होत्या.

"वीस वर्षं झाली लग्नाला, अजून पीठ चाळत नाहीस."

"चाळलंय, आई."

"मग चाळणी झोपली असेल."

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर पासष्टीचा एक गोरा गृहस्थ, बुटांना ओली माती, काखेत जाडजूड फाइल. हॅरोल्ड टेव्हनर, ओहायोहून आलोय, म्हणाला. त्याचा मूळपुरुष अ‍ॅम्ब्रोज टेव्हनर याचे इथे तंबाखूचे मळे होते. घराण्याचं पुस्तक छापायचं म्हणून अकरा वर्षं शोधल्यावर त्याचं थडगं आमच्या कुंपणामागच्या रानात सापडलं होतं.

"इतक्या आडरानात एवढी स्वच्छ जागा! कोण राखतं ते विचारायला आलो."

"मी राखते," सासूबाई म्हणाल्या. "बसा. सफरचंद खाता ना?"

सासूबाईंनी, म्हणजे आर्झुला मेव्यू यांनी, एकतीस वर्षं शाळेत पोरांना जेवण रांधून वाढलं. नवरा गेला, गुडघे गेले, तरी दर मार्चमध्ये त्या कुदळ घेऊन रानात जातात. अ‍ॅम्ब्रोजच्या कोरीव शिळेशेजारी, देवदाराच्या पलीकडे, त्यांची माणसं पुरलेली आहेत. त्याच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेली. त्यांना शिळा कोण देणार? उशाशी शेतातला एकेक दगड, अक्षर नाही. तण काढताना देवदारापासून सुरुवात करून नावं मोठ्याने म्हणायची, हे त्यांना त्यांच्या आईने शिकवलं, तिला तिच्या आईने. मी नावं शिकले, पण कुठला दगड कुणाचा, यात अजून चुकते.

पाहुण्याने कौतुकाने फोन पुढे केला. "काल शिळा पार कललेली होती. मी सरळ केली. टेकू द्यायला आसपास दगड पडलेलेच होते."

सासूबाईंनी चष्मा लावला. फोटो पाहिला. फोडी करपल्याचा वास आला तरी हलल्या नाहीत, गॅस मीच बंद केला.

"किती दगड घेतलेत?"

"सहा... नाही, सात."

"ते पडलेले नव्हते, मिस्टर टेव्हनर. माझी माणसं होती ती."

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर चेहरा उतरला.

"मॅडम, मला वाटलं नुसते..."

"सगळ्यांना तसंच वाटतं. नावं माझ्याजवळ आहेत. जागा दगडांजवळ होत्या. आता नुसती नावं घेऊन मी कुठे उभी राहू?"

मग त्याला आठवलं. कशालाही हात लावण्याआधी फोटो काढायची त्याची सवय होती. कालचे तेवीस निघाले. सासूबाईंनी चपला बदलल्या, आम्ही तिघं रानात गेलो.

तो फोटो दाखवायचा, मी दगड उचलायची, सासूबाई काठीने जागा दाखवायच्या. "क्रेसी. हिच्यापासून आमचं घर. मग ज्यूडा. मिंगो. डावीकडे घे गं, मिंगोला ज्यूडाच्या अंगावर झोपवतेस की काय! सायरस. फीबी. डॉर्कास."

क्रेसीचं नाव ऐकून त्याने फाइल उघडली. "अ‍ॅम्ब्रोजच्या मृत्युपत्रात क्रेसी आहे. त्याने आपल्या मुलीला दिलेली."

सासूबाई थांबल्या. त्यांच्या घराण्यातलं इतकं जुनं नाव त्यांनी कधी कागदावर पाहिलं नव्हतं.

"यादीत कुठे आहे? भांड्यांच्या आधी की नंतर?"

त्याने मान खाली घातली. "नंतर, मॅडम."

"हं. वाटलंच."

सातवा दगड उरला. पावाएवढा, लहान मुलाचा. त्याची जागा एकाही फोटोत दिसत नव्हती, काल तो पानांखाली झाकलेला असणार. सासूबाईंनी काठीने जमीन चाचपली, दोनदा फेरी मारली.

"नाही आठवत," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "फीबीच्या दगडाला चिकटून ठेव. तिचंच मूल होतं. आईजवळ असू दे."

अ‍ॅम्ब्रोजची शिळा पुन्हा कलली. टेव्हनर म्हणाला, गावातून विटा आणतो. शिळेकडे पाठ करून त्याने सासूबाईंना विचारलं, "तुमच्यासाठी मी काय करू?"

"तुम्ही घराण्याचं पुस्तक छापणार आहात ना?"

"हो, याच वर्षी."

"त्यात या जागेचा फोटो असेल?"

"असणारच."

"मग त्या फोटोखाली अ‍ॅम्ब्रोजच्या नावाबरोबर ही सातही लिहा. क्रेसी, ज्यूडा, मिंगो, सायरस, फीबी, डॉर्कास. आणि शेवटी, फीबीचं लेकरू. एवढंच करा."