बारमध्ये न गेलेली खुर्ची

बोर्गोफोस्सात टेलिव्हिजन बघायला जायचं तर आपली खुर्ची आपण न्यायची, असा रिवाज होता. इटलीतल्या पो नदीच्या बंधाऱ्याखालच्या त्या गावात टेलिव्हिजन एकच. तो आर्जियाच्या बारमध्ये, उंच फळीवर, देव मांडावा तसा मांडलेला. दर गुरुवारी संध्याकाळी प्रश्नांचा कार्यक्रम लागायचा आणि सगळं गाव डोक्यावर, खांद्यावर, सायकलच्या दांडीवर खुर्च्या घेऊन निघायचं. खुर्च्या सगळ्यांच्या सारख्याच, गवताने विणलेल्या. अदलाबदल होऊन भांडणं लागायची, म्हणून प्रत्येक घराने बैठकीखाली आपली खूण बांधलेली. दिर्चे झेर्बिनातीच्या खुर्चीला निळा दोरा होता.

तो दोरा अजून आहे. दिर्चेची आता साठी उलटली. गावातल्या निम्म्या बायकांचे लग्नाचे झगे तिने शिवले, स्वतः मात्र लग्न केलं नाही. लग्नाच्या दिवशी नवरेमुलगे तिच्याकडे टायची गाठ बांधून घ्यायला येतात. गाठ बांधताना ती एकदम गप्प होते. लोक म्हणतात, म्हातारी शिष्ट आहे. लोकांना काय, जीभ उचलली की लावली टाळ्याला.

खरी गोष्ट अशी, की एके काळी तिचा सगळा जन्म एका टायच्या गाठीवर टांगला होता.

तेव्हा गावच्या शाळेत अमिल्कारे बोस्कोलो नावाचा मास्तर होता. उंच, वाकलेला, बोलताना अडखळणारा. तो त्या कार्यक्रमात निवडला गेला. विषय गारिबाल्दी, इटली एक करणारा सेनापती. शत्रू पाठीवर असताना गारिबाल्दी इथल्याच दलदलीतून निसटला होता, त्यामुळे गावाला तो घरचाच पाहुणा वाटे. मास्तर दर गुरुवारी मिलानमध्ये काचेच्या खोलीत उभा राहायचा, बरोबर उत्तर द्यायचा आणि इथे बारमध्ये असा गलका उठायचा की तळणीतल्या ईल माशांकडे कुणाचं लक्ष राहायचं नाही. ते करपायचे आणि लोक तसेच खायचे.

मास्तराचं आणि दिर्चेचं जुळलं होतं, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या बापाची मळणीची यंत्रं होती. "मास्तराच्या पगारात घरचं मांजर पोसलं जात नाही," असं तो जेवताना मुद्दाम मोठ्याने म्हणायचा. शेवटच्या फेऱ्यांसाठी मास्तर महिनाभर मिलानलाच राहणार होता. निघण्याआधी तो तिला बंधाऱ्यावर भेटला.

"पत्र नको," ती म्हणाली. "टपालवाली वाफेवर पाकिटं उघडते मेली."

"मग टेलिव्हिजनवरच सांगतो." तो हसला. "शेवटच्या गुरुवारी, जिंकलो तर काय नि हरलो तर काय, सगळं संपलं की मी टायची गाठ दोनदा नीट करीन. केली तर समज, शनिवारी सकाळच्या गाडीला मी रोव्हिगोच्या स्टेशनवर तुझी वाट बघतोय. मग तुझा बाप आहे आणि मी आहे."

"आणि नाही केलीस तर?"

"तर समज, मला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. मग तू तुझा मार्ग धर. पण तू बघ हं, दिर्चे. तू समोर बसलीयस असं धरूनच मी उभा राहणार आहे."

ती म्हणाली, "मी तर पहिल्या रांगेत खुर्ची टाकते."

आणि त्याच महिन्यात तिचा बाप गेला. मळणीच्या यंत्राजवळ बसल्या बसल्या गेला. घरात सुतक आलं. आरशावर आणि रेडिओवर काळं फडकं पडलं, खिडक्यांची दारं लागली. सुतकातल्या घरची खुर्ची वर्षभर बारमध्ये जात नाही, हा तर सगळ्या रिवाजांवरचा रिवाज. मिलानचा पत्ता तिच्याजवळ नव्हता. मास्तराला यातलं काही कळलं नाही.

शेवटच्या गुरुवारी दिर्चेने आईसमोर एकदाच तोंड उघडलं. "आई, दारातून बघून येते. आत नाही जात."

"बापाची माती अजून सुकली नाही आणि ही निघाली तमाशा बघायला!" आई म्हणाली. "बस खाली. जपमाळ घे."

ती बसली. त्या संध्याकाळी सगळ्या गावात फक्त तिच्याच घरच्या खुर्च्या घरात होत्या. ओठ जप करत होते आणि कान बारकडे लागलेले. गलका उठेल म्हणून ती वाट बघत राहिली. उठला तो एक लांबलचक उसासा, जत्रेत आकाशपाळणा बंद पडल्यावर निघतो तसा. मग खुर्च्या ओढल्याचे आवाज. मग लोक खिडकीखालून परत जायला लागले, नुसते खुर्च्यांचे पाय भिंतींना आपटत होते. मास्तर हरला हे तिला कळलं. त्याचं तिला काही वाटलं नाही. पण टाय?

दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण नोर्मा सांत्वनाला म्हणून आली आणि कार्यक्रमाचं सांगत बसली. "मिठाची गुळणी धरल्यासारखा उभा राहिला गं! गारिबाल्दीला दलदलीपार नेणाऱ्या त्या नावाड्याचं नाव विचारलं. आमच्या शेळीलासुद्धा आलं असतं. आणि हा गप्प. वेळ संपल्याची घंटा झाली तरी गप्प."

"मग?" दिर्चे म्हणाली. "कपडे काय होते त्याचे?"

"कपडे? राखाडी कोट असेल. का गं?"

"शिवणकाम करते मी. विचारलं आपलं. मग काय केलं त्याने?"

"काय करणार? रुमालाने तोंड पुसलं."

पाववाला म्हणाला, रुमाल नव्हताच, तो पाणी प्यायला. आर्जिया म्हणाली, त्याने नाक खाजवलं. पाद्रीबाबा म्हणाले, त्याने छातीवर क्रूसाची खूण केली, पण पाद्रीबाबांना सगळेच ती खूण करताना दिसत. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या दिर्चेला सरळ विचारता येईना, की बाबांनो, त्याने टायला हात लावला का? विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं असतं.

शनिवारी पहाटे ती काळे कपडे घालून, बूट बांधून स्वयंपाकघरात उभी होती. रोव्हिगोची बस कोपऱ्यावर यायची. त्याने बोलावलं असेल तर? आणि बोलावलं नसेल तर? सुतकातली पोर स्टेशनवर कुणाची वाट बघत उभी होती, हे जन्मभर ऐकावं लागलं असतं. बस आली, थांबली आणि गेली. तिने बूट सोडले.

मास्तर गावात परत आला नाही. शाळेला राजीनामा टपालाने आला. तो बेल्जियमला भावाकडे गेला, तिथेच राहिला, उशिरा लग्न केलं आणि काही वर्षांपूर्वी तिथेच वारला. गावाने त्याला आधी शिव्या घातल्या. कुणी म्हणे विकला गेला, कुणी म्हणे घाबरला. मग हळूहळू तो गावचा अभिमान झाला. सगळा देश जिंकलेल्यांना विसरला होता, हा हरलेला तेवढा आठवत होता. लग्नाकार्यात दोन पेले पोटात गेले की प्रत्येकजण उठून मास्तर कसा उभा होता ते करून दाखवायचा, आणि दिर्चे ताटातली मक्याची पोलेंता चिवडत प्रत्येकाचे हात बघायची. एकाचाही हात टायकडे गेला नाही. तिने मागणी घालणाऱ्या दोघांना नाही म्हटलं. वाट बघत होती असं नाही. तिला फक्त कळून घ्यायचं होतं. ज्या रात्री सगळ्या गावाने त्याला पाहिलं, त्या रात्री तेवढं एक तिने पाहिलं नव्हतं, आणि ती आस काही केल्या विझेना.

यंदा वसंतात रोमहून सिनेमावाले आले. मास्तराच्या त्या गप्प राहण्यावर सिनेमा निघत होता. दिग्दर्शक तुल्लियो, पोरगेलासा, गळ्यात मफलर. दिर्चेने त्याला पहिल्याच दिवशी गाठलं.

"त्या रात्रीची फीत असेल ना तुमच्याकडे?"

"कसली फीत, सिन्योरा! तेव्हा कार्यक्रम थेट जायचा, साठवून कुणी ठेवायचं नाही. गेला तो वाऱ्यावर गेला."

ती घरी येऊन मशीनवर बसली, पण त्या दिवशी एक शिवण सरळ आली नाही.

सिनेमावाल्यांनी बार जुना दिसेल असा सजवला आणि रोमहून आणलेल्या एकसारख्या चकचकीत खुर्च्या ओळीने मांडल्या. नोर्मा दारात उभी राहून पोट धरून हसली. "काय रे, हे काय सर्कशीचं तिकीट लावलंय का? इथे खुर्ची घरनं यायची! आणि ओळ कसली? जो आधी येईल त्याचं ढुंगण पुढे!" तुल्लियोला ही गंमत फार आवडली. त्याने दवंडी पिटवली: ज्याने त्याने आपापली जुनी खुर्ची घेऊन यायचं, तोच बसेल सिनेमात.

दिर्चेने माळ्यावरून खुर्ची काढली, पुसली, निळा दोरा चाचपला. भर दुपारी, अंगात चांगला झगा घालून, ती खुर्ची खांद्यावर घेऊन रस्त्याने गेली आणि पहिल्या रांगेत टाकून बसली. नोर्मा शेजारी आली. "आज बरी पुढे पुढे!"

"कबूल केलं होतं," दिर्चे म्हणाली.

"कुणाला?"

तेवढ्यात खिडक्यांवर काळी कापडं ओढली आणि अंधार झाला. फळीवरच्या टेलिव्हिजनवर नटाचं आधीच घेतलेलं चित्र लागणार होतं. गावाने ते बघून हळहळायचं, एवढंच काम. तुल्लियो ओरडला, "कुणी कॅमेऱ्याकडे बघू नका! मास्तराकडे बघा!"

पडदा उजळला. काचेच्या खोलीत एक उंच, वाकलेला माणूस उभा होता. तो अमिल्कारे नव्हता, नाक वेगळं होतं, तरी दिर्चे खुर्चीत पुढे सरकली. प्रश्न झाला. माणूस गप्प. घड्याळ टिकटिकत राहिलं. घंटा झाली. बारमध्ये तोच उसासा उठला. मग पडद्यावरच्या माणसाने मान वर केली, सरळ समोर बघितलं, हात गळ्याशी नेला आणि टायची गाठ नीट केली. एकदा. आणि पुन्हा एकदा.

दिर्चे उठून उभी राहिली.

"थांबा, थांबा!" तुल्लियो पुढे आला. "काय झालं, सिन्योरा? बरं वाटत नाही का?"

तिने पडद्याकडे बोट केलं. "ते टायचं," ती म्हणाली. "ते तुम्ही घातलंत पदरचं?"

"ते होय? छे! त्या वेळी कॅमेऱ्यावर असलेला म्हातारा आहे मिलानला, त्याने सांगितलं. अगदी ठासून सांगितलं. हरलेला माणूस टाय कशाला नीट करतो, मलाही कळलं नाही. कापूनच टाकणार होतो."

"नका कापू," दिर्चे म्हणाली.

"बरं, नाही कापत. पण आता उठायचं नाही हं, मावशी. पुन्हा घेऊ. काही झालं तरी बसून राहायचं."

मग त्यांनी पुन्हा घेतलं. दिवा हलला म्हणून पुन्हा, कुणी शिंकलं म्हणून पुन्हा. दर वेळी तो मान वर करायचा, तिच्याकडे बघायचा आणि दोनदा गाठ नीट करून तिला बोलवायचा. आणि दर वेळी ती, सांगितल्याप्रमाणे, मांडीवर हात ठेवून बसून राहायची. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नोर्मा कुजबुजली, "अगं, किती छान रडतेस! जास्त पैसे माग."

पानगळीत सिनेमा आला. गाव बस करून रोव्हिगोला बघायला गेलं. बारचा प्रसंग लागला तेव्हा थेटरात शिट्ट्या पडल्या, ज्याला त्याला आपापली खुर्ची ओळखू आली. आणि मास्तराने टायला हात लावला, तशी त्या बसलेल्या गावातून पहिल्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली. इतक्या वेळा घेऊनही तुल्लियोने पहिल्याच वेळचं चित्र ठेवलं होतं.

नोर्माने तिला कोपराने ढोसलं. "बघ, बघ! सगळं गाव बसलंय, आणि तू एकटी कुठे निघाली होतीस गं?"

दिर्चेने पडद्यावरची नजर काढली नाही.

"स्टेशनवर," ती म्हणाली.