पिराजीनं जोडलेला न्यूट्रल

उचगावात माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे, आणि पिराजी वायरमन हे त्या दुकानाला लागलेलं कायमचं दुखणं. तीस वर्षं झाली, सकाळी यायचं, माझाच चहा प्यायचा आणि माझ्याच मालाला नावं ठेवायची. काम मात्र चोख. ते त्याला फार चांगलं ठाऊक, हीच अडचण. त्याची चूक काढणारा माणूस त्याच्या मनातून उतरला तो उतरलाच.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी तो आला आणि पोत्यावर बसला. चेहरा पांढराफटक. कसबा बावड्यात चिमणाबाई नावाच्या म्हातारीला वॉशिंग मशीनचा शॉक बसला होता. जीव वाचला, पण हात भाजला होता. त्या घरातला मेन बोर्ड पिराजीनं जोडलेला.

"एकवीसच्या पुरात मीटरपास्नंची न्यूट्रलची वायर कुजल्याली," तो म्हणाला. "लोकं अंधारात बसल्याली. मी बोर्डात न्यूट्रल अर्थिंगला टाकला. चार दिसांनी येऊन नवी वायर वडतो म्हणाल्तो."

"मग?"

"ऱ्हायलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. करंट फेजनं येतो आणि न्यूट्रलनं परत जातो. अर्थिंगची तार यंत्राच्या पत्र्याला जोडलेली, ती फक्त जिवाच्या राखणीला. यानं दोन्ही एक केले. दिवे लागतात, पंखे फिरतात, सगळे खूश. अर्थिंगच्या खड्ड्यात ओल आहे तोवर निभावतं. खड्डा वाळला की करंटला जमिनीत वाट मिळत नाही आणि तो घरातल्या प्रत्येक पत्र्यात उतरतो. चिमणाबाईनं तर खड्ड्यावर फरशी घालून घेतली होती, पाणी मुरणार कुठून? पण तिला कसला दोष देणार? राहिलं म्हणे! चार वर्षं राहिलं! मी त्याला नको नको ते बोललो. एरवी माझ्या अंगावर धावून आला असता. त्या दिवशी ऐकत बसला.

"किती घरं अशी?"

"सहा."

दुकानाचं शटर ओढलं, वायरचं बंडल घेतलं आणि त्याला स्कूटरवर मागं बसवलं. चिमणाबाईचं घर धरून पाच घरं संध्याकाळपर्यंत सरळ केली. कुणी शिव्या घातल्या, एकानं कॉलर धरली. पिराजी मान खाली घालून वायर सोडवत राहिला. सहावं घर आक्काचं होतं, त्याच्या थोरल्या बहिणीचं. तिथं आधी चल म्हणून मी दुपारपासून सांगत होतो. तो म्हणायचा, ती मला दारात उभं करणार नाही.

आई गेल्यावर आक्कानंच त्याला वाढवलेलं. नवरा गेल्यापासून ती बावड्यात एकटीच राहते. पुरानंतरच्या उन्हाळ्यात पिराजीच्या नातवाचं बारसं होतं. तिथं सगळ्या पाहुण्यांत ती म्हणाली, "पिराजी, तू बोर्ड जोडलास तवापास्नं फ्रिजला हात लावला की मुंग्या येत्यात बघ." पाहुणे हसले. याला झोंबलं. "तुझं हात वलं असतील. म्हातारपणी कायबी वाटतं," असं तिला चारचौघांत सुनावून यानं तिच्या घराची पायरी सोडली.

"तिनं सांगितल्यालं," तो स्कूटरवर माझ्या मागं पुटपुटत होता. "तिनं सांगितल्यालं की हो मला." त्यानं सहा वेळा फोन लावला. आक्कानं एकदाही उचलला नाही. स्कूटर थांबायच्या आधीच त्यानं उडी टाकली.

दार आतून बंद. त्यानं बाहेरच्या मीटरचा फ्यूज उपसून टाकला आणि दारावर बुक्क्या मारायला लागला. "आक्का! आक्का!" गल्ली गोळा झाली. आतून आवाज नाही. तो दारावर डोकं आपटू लागला, तेव्हा मी त्याला धरलं. तेवढ्यात आतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला.

"कशाला आलाईस रं?" आक्का आतून म्हणाली. "माझं हात वलं हाईत की."

पिराजीनं कपाळ दाराला टेकवलं.

"आक्का, तू खरं बोलत हुतीस," तो गल्लीदेखत रडत म्हणाला. "चूक माझी हुती. तुला येड्यात काढलं मी. दार उघड की गं."

बऱ्याच वेळानं कडी निघाली. आत बॅटरीच्या उजेडात पाहिलं. पाट्यावर चटणी अर्धी वाटलेली, मिक्सर खोक्यात बांधलेला. फ्रिजची पिन काढून ठेवलेली, आणि फ्रिजमध्ये घड्या घातलेली लुगडी. घरात वापरात काय, तर छताला एक बल्ब.

"सगळं बंद करून बसलीस व्हय?" पिराजी म्हणाला. "दुसरा वायरमन तरी बोलवायचा हुतास."

"बोलवला असता," आक्का म्हणाली. "पर त्यानं बोर्ड उघडला असता. पिराजीनं सख्ख्या भणीच्या घरात असलं जोडलंय म्हणून गावभर झालं असतं. मग तुला कामं कुणी दिली असती?"

पिराजीला बोर्डाचा एकही स्क्रू फिरवता येईना. स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातातून घेऊन शेवटी मीच झाकण उघडलं.