वाळलेल्या डाळिंबावरची जाई

प्रेमलता सोरते चिडली की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. नागपुरात लकडगंजच्या मागच्या अंगाला असलेल्या आमच्या सोसायटीत ती नऊ वर्षं बागकाम करते. तिचा तो उतरलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला फेब्रुवारीतल्या एका सकाळी.

बाई उमरेडच्या विणकर घरातली. सासरचा हातमाग बंद पडला तेव्हा दिरांनी तो मोडून जळणात घातला. ती दारात उभी राहून पाहत होती, एक शब्द बोलली नाही. "बोलली असती तं माग काही वाचला नसता," ती मला एकदा म्हणाली होती, "पन मले झोप लागली असती." त्यानंतर ती नागपूरला आली, बागकाम धरलं आणि गप्प बसणं सोडून दिलं.

फाटकाजवळच्या डाळिंबावर तिने जाई चढवली होती. फुलांचं तिला वेड नव्हतं, गजरा माळलेला मी तरी पाहिला नाही. पण त्या वेलाचा एकेक फाटा तिच्या हातून वर गेला होता. दिवाळीनंतर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी संजीवराव यांनी आपल्या तळमजल्यावरच्या घरात नव्या फरश्या बसवल्या. फरश्या धुतलेलं ॲसिडचं पाणी कारागीर आठवडाभर डाळिंबाच्या आळ्यात ओतत होते. प्रेमलताने दोनदा जाऊन सांगितलं. संजीवरावांनी हात झटकले. जानेवारी संपेपर्यंत डाळिंबाचा नुसता सांगाडा उरला. जाईचं मूळ आळ्याच्या विटांच्या कडेपलीकडे, जरा उंचावर होतं, म्हणून ती तेवढी हिरवी राहिली.

फेब्रुवारीत संजीवरावांच्या घरी साखरपुडा होता. त्यांना फाटक मोकळं हवं होतं, म्हणून त्यांनी झाडं तोडणाऱ्या विक्कीला बोलावलं. विक्कीने बुंध्याला दोर बांधला. एका हिसक्यात डाळिंब आणि जाई दोन्ही खाली आली असती.

प्रेमलताने पुढे होऊन दोर सोडला.

"अहो बाई, मेलेलं झाड आहे ते," संजीवराव म्हणाले.

"झाड मेलं. जाई जित्ती आहे."

"दुसरी लावू. नर्सरीत ढीग मिळतात."

"कोन लावन? तुमी?" तिचा आवाज खाली गेला. "हे डाळिंब तुमी मारलं, साहेब. दोनदा सांगतलं होतं मी. आता जाईले कोनी हात लावून पाहावं."

बाल्कन्यांत माणसं उभी होती. मीही होतो. कुणी बोललं नाही. मीही नाही. विक्की मात्र दोर गुंडाळत म्हणाला, "मावशी, तुमचं झालं की आवाज द्या, मी बुंधा कापून देतो."

तिने आधी डाळिंबाभोवती चार बांबू रोवले, त्यांना आडव्या कामट्या बांधल्या. वेलाचे लांबलेले शेंडे छाटून तिने त्याचा भार कमी केला. मग कात्री घेऊन ती मेलेल्या फांद्यांचे वीतभर तुकडे करून एकेक बाहेर काढायला बसली. ओढायचं नाही. जाईचा फाटा मोकळा झाला की तो बांबूला टेकवायचा आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीने सैल बांधायचा. डाळिंबाच्या काट्यांनी हात रक्ताळले. तोंडाने शिव्या चालूच होत्या, ॲसिडला, फरश्यांना, फरश्यांवरून चालणाऱ्या पायांना. दुपारी मी पाण्याची बाटली घेऊन खाली गेलो.

"आता आले?" ती म्हणाली. बाटली तिने घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विक्कीने बुंधा जमिनीलगत कापला. मुळं तिने उपटू दिली नाहीत, जाईची मुळं त्यांत गुंतलेली असणार. त्याआधी शेवटची फांदी सोडवताना जाईचा एक जाड फाटा तडकला होता. तो कापून तिने भिरकावून दिला.

जाई पंधरा दिवस मलूल होती. पानं पिवळी पडून गळाली. मार्चच्या अखेरीस पेऱ्यापेऱ्यातून कोवळे फुटवे निघाले. संजीवरावांनी त्यांचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमची बाग'. फाटकात प्रेमलता भेटली तेव्हा ते हसून म्हणाले, "बघा, शेवटी काही बिघडलं नाही ना?"

"जाई वाचली म्हनून डाळिंब मारल्याचं माफ होते का?" ती म्हणाली. "चार लोकांत कबूल करा. तवरोक तुमच्या कुंड्याइले मी पानी घालनार नाही."

त्यांनी कमिटीकडे तक्रार केली. कमिटीने तिला बोलावलं. तिने तेच वाक्य तिथेही सांगितलं, आणि एवढ्या माणसांत तिला खोटं म्हणायला कुणी धजलं नाही. संजीवरावांनी कबूलही केलं नाही.

मे लागला. एका सकाळी संजीवराव बनियनवर, हातात बादली घेऊन व्हरांड्यात आले आणि आपल्या कुंड्यांना पाणी घालू लागले. चार पावलांवर प्रेमलता जाईचं आळं भुसभुशीत करत होती. तिने मान वर केली नाही.