चक्कीमागचा टॉवर

झरी जामणी तालुक्यातल्या एका लहान गावात कांताबाईंची पिठाची चक्की आहे. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं ती चालवली आणि मुलाला, रोशनला, मोठं केलं. रोशन राजूरच्या कोळसा खाणीवर कामाला लागला. सून ममता सासूजवळ राहिली.

तीन वर्षांपूर्वी चक्कीमागे, बाबारावांच्या वावरात, मोबाइलचा टॉवर उभा राहिला. त्याच उन्हाळ्यात ममताचा गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला. कुणीतरी एक व्हिडिओ दाखवला. टॉवरच्या लहरींनी पोटातली लेकरं दगावतात, असं त्यात सांगत होते. कांताबाईंना कारण सापडलं. बाबारावांच्या घरचं दळण घेणं त्यांनी बंद केलं आणि ग्रामसभेत उभं राहून टॉवर हलवायची मागणी केली.

बाबाराव शांतपणे म्हणाले, "वहिनी, पयले अ‍ॅम्बुलन्सले फोन लावाले टेकडीवर जा लागे. आता घरून लागते. कायले हलवता?"

टॉवर राहिला. अबोलाही राहिला.

गेल्या वर्षी ममताला पुन्हा दिवस गेले. टॉवरपासून लांब म्हणून कांताबाईंनी तिला केळापूरला आपल्या बहिणीकडे नेलं. अंगणात उभं राहून पाहतात तर तिथेही एक टॉवर दिसत होता.

"मंग आता कुठं नेऊ इले?"

बहिणीनं दुसऱ्या दिवशी दोघींना पांढरकवड्याला डॉक्टर निशिगंधा यांच्याकडे नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "अभ्यास अजून सुरू आहेत. पण टॉवरमुळे गर्भ पडतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. तुम्ही मनातून भीती काढा."

कांताबाई काही बोलणार तोच ममता हळूच म्हणाली, "म्हणजे चूक माहीच होती. मी तवा जळणाले पऱ्हाटीचे भारे उचलले होते."

"नाही ममता. इतक्या लवकर गर्भ पडतो तेव्हा बहुतेक वेळा दोष त्या गर्भाच्या वाढीतच असतो. भारे उचलल्यानं तसं होत नाही."

ममता पदरात तोंड लपवून रडली. त्याच दिवशी कांताबाई तिला घेऊन गावाकडे निघाल्या.

परतीच्या एसटीत त्यांनी विचारलं, "मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही टॉवरले दोष देऊन राह्यल्या होत्या, आई. मले तेच बरं वाटे. कोणी माहं नाव घेत नोहतं."

कांताबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि गाव येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः बाबारावांच्या घरी जाऊन म्हणाल्या, "दळण पाठवत जा." टॉवरबद्दल त्यांची पुरती खात्री पटली होती, असं नाही. ममताच्या उशाजवळचा फोन त्या रोज उचलून कोनाड्यात ठेवत. ममताही ठेवू देई.

हिवाळ्यात ममताला मुलगी झाली.

आता चक्कीवर टॉवरचा वाद निघाला की कांताबाई ऐकून घेतात, दळण सुरू ठेवतात. पण गर्भ गेलेली एखादी सून दळणाचा डबा घेऊन आली, तर त्या चक्की बंद करतात, तिला शेजारी बसवतात आणि आधी एवढंच सांगतात, "बाई, तुही काही चूक नाही."