वॉरंटीच्या कागदावरची सही

जोतीराम फौजी सव्वीस वर्षं लष्करात गाड्या दुरुस्त करत होते. लेहच्या थंडीत गारठलेले ट्रक त्यांनी चालू केले होते. निवृत्त होऊन कडेगावजवळच्या आमच्या गावी ते परतले, तेव्हापासून कुणाचाही ट्रॅक्टर धूर ओकायला लागला की पहिलं बोलावणं त्यांनाच. ते यायचे, बॉनेटवर हात ठेवून नुसता आवाज ऐकायचे आणि बिघाड कुठं आहे ते सांगायचे. बायको वारलेली, मुलगी पुण्यात. घरात ते आणि थोरली बहीण हरणाबाई, दोघंच. हरणाबाईंच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेची वारी सुरू झाली.

जुन्या जीपमध्ये येताना हरणाबाईंना उलट्या व्हायच्या. म्हणून फौजींनी जीप विकली आणि विजेवर चालणारी नवीकोरी मोटार घेतली. निवृत्तीचे बहुतेक पैसे तिच्यात गेले. गावात पुष्कळांना हे पटलं नाही, पण फौजींनी वॉरंटीचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. बॅटरीला आठ वर्षांची हमी होती. वर्षभर गाडीनं काही कुरकुर केली नाही. मिरजेहून परतताना हरणाबाई मागच्या सीटवर गाढ झोपून यायच्या.

दुसऱ्या उन्हाळ्यात, परतीच्या वाटेवर पलूस ओलांडलं आणि समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. गाडी आपोआप मंदावत गेली आणि उसाच्या फडाशेजारी थांबली. एसी बंद झाला, काचाही खाली होईनात. फौजींनी दारं उघडून टाकली आणि बॉनेट वर केलं. आत नारिंगी वायरी आणि सीलबंद डबे. हात लावला तर जिवाला धोका, आणि सील तोडलं तर वॉरंटी गेलीच. ऐकायला आवाजही नव्हता. हरणाबाईंना त्यांनी लिंबाखाली बसवलं. तहान लागली तरी त्यांना पाणी मोजूनच प्यावं लागे. गावाकडून टेम्पो येईस्तोवर दीड तास गेला, तोपर्यंत त्यांना ग्लानी आली होती.

सांगलीच्या सर्व्हिस सेंटरनं नवं सॉफ्टवेअर घालून गाडी परत दिली. पुढच्या दोन महिन्यांत ती आणखी तीनदा बंद पडली. लष्करातल्या सवयीनं फौजींनी दर वेळची नोंद वहीत केली : तारीख, चार्जिंग किती आणि कसं केलं होतं, ऊन किती होतं, पडद्यावर काय आलं. शेवटी बॅटरीच बाद झाल्याचं निघालं. तिथला मॅनेजर वीरधवल यानं त्यांना एक फोटो दाखवला. बॅटरीच्या तळावर ओरखडा आहे, खालून दगड लागलाय, हे वॉरंटीत बसत नाही, असं त्यानं नरमाईनं सांगितलं.

फौजींनी गाडी लिफ्टवर घ्यायला लावली. खाली जाऊन त्या ओरखड्यावरून नख फिरवलं. नख अडकतसुद्धा नव्हतं.

"ह्या रेघंनं बॅटरी मरती का, साहेब?"

"मला नाही तसं वाटत, काका," वीरधवल हळूच म्हणाला. "पण निर्णय वरून येतो."

तिथंच त्यांना मिरजेचे बेदाण्याचे व्यापारी रहिमानभाई भेटले. त्यांचीही तीच गाडी, तीच लाल अक्षरं आणि तळावर तसाच एक ओरखडा. दोघांनी मिळून एक वकील गाठला आणि सांगलीच्या ग्राहक आयोगात तक्रारी केल्या. फौजींची वही पाहून वकिलाचा चेहरा उजळला. दर वेळी कडक ऊन होतं आणि दर वेळी गाडी नुकतीच जलद चार्ज केलेली होती, हे तिच्यावरून स्पष्ट दिसत होतं. रहिमानभाईंनी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. त्यांची सगळी भिस्त या वहीवर होती.

दरम्यान हरणाबाई एसटीनं सांगली, तिथून दुसऱ्या बसनं मिरज, असं करत होत्या. एकदा बसच्या पायरीवरून त्या पडल्या, गुडघा सुजला. त्याच आठवड्यात फौजींना कंपनीचा फोन आला. खास बाब म्हणून नवी बॅटरी फुकट मिळणार होती. त्यासाठी तक्रार मागं घ्यायची, बिघाडाबद्दल कुणाला सांगायचं नाही आणि कसलीही नोंद कुणाला द्यायची नाही, अशा कागदावर सही हवी होती.

फौजींनी सही केली. रहिमानभाईंचे दोन फोन येऊन गेले, ते त्यांनी उचलले नाहीत.

नव्या बॅटरीवर पहिल्यांदा मिरजेला निघाले, तेव्हा हरणाबाईंनी सहज विचारलं, त्या बेदाणेवाल्यांचं काय झालं. फौजींनी गाडी चालवता चालवता सगळं सांगून टाकलं.

"माझ्यासाठी केलंस म्हणतोस. मग मला इचारायचं हुतंस, जोती."

"तू न्हाई म्हणाली असतीस, आक्का."

"व्हय. म्हणूनच न्हाई इचारलंस."

पुढच्या खेपेला हरणाबाईंना दवाखान्यात सोडून फौजी वही घेऊन रहिमानभाईंच्या दुकानात गेले. सही केल्याचं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. रहिमानभाईंनी बसा म्हटलं नाही.

"दोनदा फोन केला मी, फौजी."

"बघितला हुता. उचलायचं धाडस झालं न्हाई." फौजींनी वही गल्ल्यावर ठेवली.

ही दिल्याचं कंपनीला कळलं तर काय होईल, असं रहिमानभाईंनी विचारलं. वॉरंटी काढून घेतील, असं फौजींनी सांगितलं. तेव्हा कुठं रहिमानभाईंनी खुर्ची पुढं सरकवली.

वही आयोगापुढं गेली आणि महिन्याभरात कंपनीचं पत्र आलं. कराराचा भंग झाला आहे, आपल्या वॉरंटीबाबत विचार चालू आहे. फौजींनी वीरधवलला फोन लावला, पण त्यानं बोलायचं टाळलं. मग त्यांनी कंपनीला दोन ओळींत उत्तर धाडलं : जे घडलं तेच लिहिलं होतं, आणि ते मी देणारच.

नव्या बॅटरीवर गाडी अजून तरी बंद पडलेली नाही. पण फौजींचं लक्ष रस्त्यापेक्षा पडद्याकडंच जास्त असतं. दुपारचं ऊन टाळायला त्यांनी डायलिसिसची सकाळची पाळी मागून घेतली आहे. हरणाबाई मागच्या सीटवर आता झोपत नाहीत.

रहिमानभाईंच्या तक्रारीत साक्ष द्यायची तारीख गुरुवारची पडली, तोच डायलिसिसचा वार. तारीख पुढं ढकलून घ्यावी का, असं फौजींच्या मनात होतं. हरणाबाईंनी ते ऐकून घेतलं नाही.

"मला मिरजंत सोड आन् तू सांगलीला जा," त्या म्हणाल्या. "उशीर झाला तर बसंन मी दवाखान्यात. सगळं सांगूनच ये."